अजून एक दिवस राहू दे तो डाग

लाँड्रीचं अकाउंट जावयाच्या हाती आलं तेव्हा त्यावर चार फोटो होते. एक दुकानाच्या पाटीचा, दुसराही पाटीचाच पण शटर अर्धं खाली असताना काढलेला, तिसरा इस्त्रीचा आणि चौथा अंगठ्याचा. अंगठा कुणाचा, हे घरात कुणी कबूल केलं नाही. फॉलोअर म्हणजे घरची माणसं, सासूबाईंच्या माहेरची माणसं आणि धुण्याची पावडर विकणारी एक कंपनी. ती कंपनी दिसेल त्याला फॉलो करत सुटली होती.

जावई दुकानात आला तो विमा कंपनीची शाखा बंद पडल्यावर. तिथे तो दाव्यांच्या खिडकीत बसायचा. कुणाची गाडी ठोकली गेलेली असायची, कुणाच्या घरात पाणी शिरलेलं असायचं. ती माणसं त्याच्यावर ओरडायची आणि तो शांतपणे पुढचा प्रश्न विचारायचा. दुसरं काही त्याला फारसं येत नव्हतं. लाँड्रीच्या काउंटरवर बसवल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याने एका डॉक्टरांचे पडदे एका वकिलांच्या घरी पाठवले. वकिलांनी ते लावलेसुद्धा.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "ते अकाउंट का काय आहे, ते तुम्ही सांभाळा. तिथे कुणाचा कपडा नसतो."

सासऱ्यांना तो मामा म्हणे. मामा मिसरूड फुटल्यापासून डाग काढत आले होते. दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांचं टेबल होतं. वर दिवा, बाजूला बाटल्या, हाताशी ब्रश, पायाखाली वाफ सोडायचं पेडल. जो डाग निघणार नाही तो ते काउंटरवरच सांगून टाकत आणि कपडा परत देत. आत घेतला की डाग गेला, असा त्यांचा लौकिक होता आणि तो त्यांनी जिवापाड जपला होता. जावयाशी ते अहोजाहो करूनच बोलत. सासूबाईंची तशी ताकीदच होती. त्यामुळे ते चिडले तरी तोंड सुटत नसे. उलट राग चढला की ते 'तुम्ही'वरून 'आपण'वर जात. दुकानात हे सगळ्यांना ठाऊक होतं. 'आपण' कानावर आलं की इस्त्रीवाला वाफेचं मशीन जोरात चालू करी, म्हणजे आपण काही ऐकलं नाही असं नंतर सांगता येई.

गल्ला कधी तरी जावयाकडे येणार, हे घरात सगळे धरून चालले होते. कधी येणार ते मामा ठरवणार होते. वर राहायचं, खाली काम करायचं आणि मधल्या जिन्यात जो भेटेल त्याला उत्तर द्यायचं, असं जावयाचं आयुष्य झालं होतं.

"अहो, एकदा बाबांची खात्री पटू दे," बायको म्हणायची. "मग ते मध्ये पडायचे नाहीत."

"कशाची खात्री?"

"तुमच्या हातून कुणाचा कपडा खराब होणार नाही याची."

तेव्हा त्याने अकाउंट मनावर घेतलं. घडी केलेल्या टॉवेलांचा फोटो टाकून खाली 'शुभ सकाळ' लिहिलं. कॉलरला इस्त्री कशी करावी याचा व्हिडिओ टाकला, त्यात कॉलरपेक्षा इस्त्रीवाल्याचं पोट जास्त दिसत होतं. लोकरी कपडे कसे ठेवावेत यावर मोठा मजकूर लिहिला. कुणी ढुंकून बघितलं नाही. सासूबाई मात्र प्रत्येक फोटोखाली 'छान' लिहीत. बॉयलर बिघडल्यामुळे दुकान बंद राहील, या सूचनेखालीही त्यांनी 'छान' लिहिलं.

मग एकदा मामा दात दाखवायला गेले असताना काउंटरवर एक पांढरा शर्ट आला. खिशाखाली काळपट डाग. हा घ्यायचा की परत पाठवायचा ते जावयाला कळेना. त्याने फोटो काढला, खाली लिहिलं, 'हा डाग कशाचा?' आणि मामांना पाठवला. निदान त्याची तशी समजूत होती. अर्ध्या तासाने बघतो तर फोटो अकाउंटवर, आणि खाली रांग लागलेली. कुणी म्हणतं शाई, कुणी आयोडीन, कुणी केसांचा रंग. सासूबाईंच्या माहेरच्या ज्या माणसांनी कधी लग्नाच्या फोटोलाही लाइक दिला नव्हता, ती आपसात भांडत होती. मामा परतले, एका बाजूने सुजलेल्या तोंडाने शर्टाकडे बघून म्हणाले, "बूटपॉलिश," आणि आत गेले. जावयाने उत्तर जाहीर केलं. शाईवाल्याने पुरावा मागितला.

दुसऱ्या दिवशी त्याने मुद्दाम दुसरा डाग टाकला. तिथून ते सुरू झालं.

लोक डाग ओळखत नाहीत, आपला धंदा ओळखतात, हे त्याच्या लवकरच लक्षात आलं. एक नर्स होती, तिला प्रत्येक डाग रक्ताचा वाटे. गॅरेजवाल्याला ग्रीस दिसे. एक गृहस्थ दर डागाखाली 'बायकोला विचारा' एवढंच लिहीत, पण लिहायला चुकत नसत. जावई कुणालाही चूक म्हणत नसे. खिडकीत बसून तो एकच गोष्ट शिकला होता: माणसाला बरोबर ठरायचं असतंच असं नाही, त्याला कुणी तरी पुढचं विचारावं असं वाटत असतं. 'रक्त असतं तर कडा अशी तुटक दिसली असती का, सिस्टर?' असं तो लिही. नर्स वॉर्डातून उत्तर देई. त्यावर गॅरेजवाला तिला काही तरी ऐकवी. आणि दुपारपर्यंत एका टेबलक्लॉथवर गावभर चर्चा झालेली असे.

फॉलोअर वाढले. दुकानात नवी माणसं यायला लागली. त्यातली काही कपडे आणत, काही नुसतीच डोकावून 'आजचा कुठला?' विचारत. एका पठ्ठ्याने एकाच शर्टावर चार ठिकाणी चार पदार्थ सांडून आणले. "चार दिवस पुरेल," तो म्हणाला. मामांनी तो शर्ट एका दुपारीत साफ करून त्याच्या हातात दिला आणि चारही डागांचे पैसे लावले.

या सगळ्यांत हिरवी कुंडी नावाचं एक अकाउंट होतं. फोटोच्या जागी खिडकीतली एक कुंडी. ती सहसा चुकत नसे. घाई करत नसे. आधी सगळ्यांना बोलू देई, मग दोन ओळी लिही, आणि मग ज्यांनी आधी मत दिलेलं असे ते आपला शब्द फिरवायला धावत. ज्या दिवशी कुंडी बोलत नसे त्या दिवशी गंमत थंड पडे. जावई सकाळी दात घासताना पहिल्यांदा तिची कॉमेंट आली का ते बघे. बायकोने एकदा विचारलं, "कोण ही कुंडी?" तो म्हणाला, "मला काय माहीत." ते खरंच होतं.

अडचण कुंडीनेच सुरू केली. एका डागाखाली तिने लिहिलं, 'उलट्या बाजूने दाखवा.' तोवर शर्ट धुऊन, इस्त्री होऊन गेला होता. जावयाने दिलगिरी व्यक्त केली. लोक हळहळले. पुढच्या वेळी त्याने कपडा दुपारपर्यंत मागे ठेवला. उन्हात धरून एक फोटो, उलट्या बाजूने एक, आणि मग मामांच्या टेबलावर. मामांचा नियम असा की कपडा आला की थेट आत. "डाग बसून राहत नाही, जावईबापू, तो मुरत असतो," असं ते सांगत. जावई 'हो' म्हणे. दुपारची संध्याकाळ झाली, संध्याकाळची दुसरी सकाळ. कुणाचं काही बिघडलं नाही. मामांच्या हाताखालून सगळे डाग निघाले, आणि निघाले म्हणून जावयाचं धाडस वाढलं.

अशात विवाह नोंदणी कार्यालयातल्या बाई कोट घेऊन आल्या. त्यांच्यासमोर सही केल्याशिवाय लग्न कायद्याने लागत नसे, आणि सही झाली की फोटोत त्याच मधोमध उभ्या. त्या फोटोंसाठी म्हणून त्यांनी सायीच्या रंगाचा एक लोकरी कोट ठेवला होता. त्या भागातल्या निम्म्या जोडप्यांच्या भिंतीवर तो कोट लटकत होता. त्याच्या डाव्या बाहीवर, कोपराच्या वर, तळहाताएवढा तांबूस डाग पडला होता.

"कशाचा?" जावयाने विचारलं.

"काय सांगू. सही झाली की लोक मिठ्या मारतात. कुणाच्या हातात काय होतं ते कोण बघतंय." बाई घड्याळ बघत होत्या. "शुक्रवारी माझ्याकडे ओळीने लग्नं आहेत. गुरुवारी न्यायला येईन. जाईल ना?"

जावयाने आत डोकावून मामांना लांबूनच बाही दाखवली. मामांनी हातातला ब्रश न थांबवता मान हलवली. म्हणजे जाईल. "लगेच आणा," ते म्हणाले. जावई 'आणतो' म्हणाला. बाई गेल्या. जावयाने चिठ्ठीवर 'डाग – माहीत नाही' असं लिहिलं आणि लिहिताना त्याला आनंद झाला. ग्राहकालाच ठाऊक नाही असा डाग त्याच्या हाती पहिल्यांदा येत होता.

फोटो त्याने असा काढला की कोट आहे की पडदा तेही कळू नये. मग कोट पडद्यांच्या रॅकमागे, इस्त्रीच्या मशीनला लागून असलेल्या खुंटीवर टांगला. तिथे कुणी फिरकत नसे, कारण तिथे उकडायचं. कुणी फिरकणार नाही, एवढंच त्याने बघितलं. उकाड्याचा डागावर काय परिणाम होतो, ते काही त्याच्या मनात आलं नाही. मामांच्या टेबलावर त्या दिवशी हॉटेलच्या चादरींचा ढीग होता. ते कोट विसरले.

तो डाग लोकांनी डोक्यावर घेतला. नर्सने रक्त म्हटलं, पण या खेपेला तिच्या बाजूने माणसं होती. वाइन, बीट, लाकडाचं पॉलिश, असं काय काय आलं. एकाने चार वेगवेगळी उत्तरं चार वेगवेगळ्या वेळी दिली. संध्याकाळी हिरवी कुंडी आली. 'वाइन नाही. चहा असावा. उलटी बाजू बघू.' जावयाने उलटी बाजू टाकली. कुंडी गप्प झाली, आणि तिच्या गप्प बसण्यावरही लोकांनी चर्चा केली. दुसऱ्या दिवशी जावई उत्तर घ्यायला कोट आत नेणार, तेवढ्यात तिची ओळ आली. 'उत्तर देऊ नका. अजून एक दिवस राहू दे तो डाग. जवळ आलेय मी.'

खाली लोकांनी अनुमोदन दिलं. जावयाने लिहिलं, 'राहू दे म्हणता? बरं. चहा असता तर मधला भाग असा गडद राहिला असता का?'

बुधवारी जेवताना सासूबाईंनी मामांसमोर फोन धरला. मामा अकाउंट कधी बघत नसत. "बघा तरी," त्या म्हणाल्या, "जावयाचं केवढं कौतुक चाललंय."

मामांनी चष्मा वर सरकवला. "डाळिंब," ते म्हणाले आणि घास घेतला. मग घास तसाच राहिला. "हा तर तो कोट."

त्यांनी जावयाकडे बघितलं.

"धुतलाय ना?"

"अजून नाही," जावई म्हणाला.

"आणि आपण तो ठेवलाय कुठे?"

जावयाने सांगितलं. मामा उठले. हात धुवायलाही थांबले नाहीत.

ती दुपार मामांनी एकट्या त्या बाहीबरोबर काढली. थंड पाणी झालं, व्हिनेगर झालं, मग ज्या बाटलीवर नाव नव्हतं ती झाली. रंग उतरला, पण ठरावीक जागेपर्यंत येऊन थांबला. तांबूस होता तो तपकिरी झाला होता. आता तो खरोखरच चहाचा वाटत होता.

"लोकर आहे," मामा शेवटी म्हणाले. "याच्यापुढे गेलो तर कापड जाईल." त्यांनी दिवा बंद केला. "ताजा असता तर पाण्यानेच गेला असता. उष्णतेने पक्का झालाय. उद्या बाई येतील. आपण सांगा."

"मी काय सांगू, मामा?"

"रोज एवढ्या लोकांशी बोलता. सुचेल काही तरी."

जिन्यात बायको भेटली. तिला सगळं कळलं होतं. त्या घरात सगळं जिन्यातच कळायचं.

"म्हणा ना, डाग मुळातच जुना होता म्हणून."

"तुझे बाबा असं कधी म्हणत नाहीत."

"बाबांवर कधी तशी वेळ आली नाही," ती म्हणाली. मग आवाज खाली आणत, "आता गल्ल्याचं काही काढू नका एवढ्यात."

"मी कधी काढलं होतं?"

"नाही काढलंत. तरी."

गुरुवारी बाई आल्या. पर्स काउंटरवर ठेवली, त्यावर फोन ठेवला आणि इकडेतिकडे बघून थोड्या पुढे वाकल्या.

"कोट द्यालच, पण आधी एक विचारते. ते डागांचं चालवता ते तुम्हीच ना?"

"हो."

"मग मला जरा सांगा. नुसतं एवढंच सांगा, पिण्याचं आहे का? आमचा शिपाई म्हणतो वाइन. मी चहावर अडून बसलेय. इतके दिवस मी चुकले नाही हो. आता ऑफिसात सगळे टपलेत माझ्यावर."

"तिथे आपलं नाव काय?" जावयाने विचारलं.

"हिरवी कुंडी," बाई म्हणाल्या आणि थोड्या लाजल्या. "खिडकीतली आहे, माझ्या."

पडद्याआड वाफेचं मशीन जोरात चालू झालं.

कुंडीची ती ओळ जावयाच्या खिशात, फोनमध्ये होती. फोन काढायचा, एकदा बोट फिरवायचं, समोर धरायचा. विमा कंपनीत असता तर फाइल तिथल्या तिथे बंद झाली असती: नुकसान दावेदाराच्या स्वतःच्या लेखी विनंतीवरून. अशा फाइली त्याने पूर्वी बंद केल्या होत्या आणि त्या पुन्हा कुणी उघडल्या नव्हत्या. त्याने फोन काढला, काउंटरवर पालथा ठेवला आणि आत जाऊन कोट आणला.

बाईंनी बाही बघितली. सवयीने त्यांनी आधी ती उजेडाकडे वळवली, मग उलटी केली.

"हा तर तो," त्या म्हणाल्या.

"हो."

"हा माझा कोट आहे."

"हो."

"मी चहा म्हणाले होते."

"डाळिंब आहे. रस सांडला असावा."

बाई आठवत राहिल्या. "नवऱ्यामुलाची आई ग्लास घेऊन फिरत होती," त्या म्हणाल्या. मग आवाज बदलला. "मी आणला त्याच दिवशी धुतला असता तर?"

"गेला असता."

"मग धुतला का नाही?"

"लोक ओळखत होते. म्हणून ठेवला."

"लोक म्हणजे मी." बाई कोटाकडे बघत होत्या. "अजून एक दिवस राहू दे, असं मीच लिहिलं."

हे आपण म्हटलं नाही, त्यांनीच म्हटलं, असं वाटून जावयाला जरा हलकं वाटायला लागलं होतं. तेवढ्यात बाईंनी मान वर केली.

"पण मला ठाऊक नव्हतं तो माझा आहे. तुम्हाला ठाऊक होतं की तो कुणाचा तरी आहे."

"हो."

"उद्या माझ्यासमोर सकाळपासून माणसं उभी राहणार. मी काय घालू?"

त्याच्याकडे पुढचा प्रश्न नव्हता. खिडकीत बसायला लागल्यापासून असं पहिल्यांदाच झालं.

पडदा सारून मामा बाहेर आले. हात पुसत म्हणाले, "बाई, चूक दुकानाची आहे. तुम्हाला हवा तो कोट घ्या, दुकान देईल."

"दुकानाची की यांची?"

"दुकानाची," मामा म्हणाले. "हे दुकानातलेच आहेत."

बाईंनी कोट तसाच, पिशवीत न घालता हातावर टाकला आणि गेल्या. नवा कोट त्यांनी घेतला आणि बिल दुकानाच्या नावावर पाठवलं. शुक्रवारच्या फोटोत त्या करड्या रंगात उभ्या होत्या.

गुरुवारी संध्याकाळीच जावयाने उत्तर टाकलं होतं. 'डाळिंब. कुणीच ओळखलं नाही. डाग निघाला नाही, कारण तुम्हाला ओळखता यावा म्हणून आम्ही तो धुतला नाही. कोट ग्राहकाचा होता.' खाली आजवर आल्या नव्हत्या इतक्या कॉमेंट आल्या. काहींनी धीर दिला, काहींनी, खरं सांगितलंत ते बरं झालं, आता तिकडे फिरकणार नाही, असं लिहिलं. नर्सने लिहिलं, 'रक्त असतं तर निघालं असतं.' गॅरेजवाल्याने विचारलं, 'पुढचा कधी?'

मामांनी अकाउंट बंद करायला सांगितलं नाही. काउंटरवर मात्र दुसऱ्याच दिवशी सासूबाई येऊन बसल्या, आणि जावयासाठी मागच्या खोलीत टेबलाशेजारी एक स्टूल आलं. "डोळ्यांसमोर असा," मामा एवढंच म्हणाले. तेव्हापासून कपडा आला की तो स्टुलावरून उठतो, पुढून, मागून, उन्हात, सावलीत असे सगळे फोटो एका दमात काढतो आणि कपडा टेबलावर टाकतो. फोटो मग सावकाश, लोक मागतील तसे बाहेर पडतात. लोक ज्या डागावर भांडत असतात तो तोवर जगात उरलेला नसतो. हे त्याने अकाउंटवर लिहून टाकलं आहे. त्यामुळे थोडे लोक गळाले. चूक-बरोबर ठरवताना जिवाला घोर हवा असतो, असं त्यांचं म्हणणं असावं.

सोप्या डागांवर मामा आता त्याला हात चालवू देतात. गल्ल्याचा विषय घरात कुणी काढत नाही.

हिरवी कुंडी महिनाभर दिसली नाही. मग एके दिवशी एका उशीच्या अभ्र्याखाली तिने 'औषध' लिहिलं. ते बरोबर होतं. त्यानंतर ती रोज येते. कोटाचं तिथे ती कधी बोलली नाही, त्यानेही नाही. एकदा मात्र न राहवून त्याने तिला वेगळा मेसेज केला. 'बाई, कपडे घेऊन या. आले की त्याच मिनिटाला टेबलावर जातील. आता मी स्वतः तिथे बसतो.'

उत्तर दुपारी आलं. तो तेव्हा एका नॅपकिनवर ब्रश फिरवत होता.

'कपडे मी आता पुलापलीकडे देते. तिथला माणूस डाग कशाचा ते विचारतच नाही.' आणि खाली, वेगळ्या ओळीत, 'आजचा शाईचा आहे.'

"कोण?" मामांनी दिव्याखालून विचारलं.

"त्या बाई."

"कपडे आणतायत?"

"नाही. आजचा डाग शाईचा म्हणतायत."

मामांनी आठवून बघितलं. "तो गंज होता. काल काढला मी. चूक म्हणून कळवा त्यांना."

"तसं कळवायचं नसतं, मामा," जावई म्हणाला. त्याने हात पुसून लिहिलं, 'शाई असती तर कडेला निळसर पट्टा राहिला असता का?'

पलीकडून ती लिहायला लागल्याचं दिसलं. मग थांबली. मग पुन्हा लिहायला लागली. मामांनी चष्म्यावरून फोनकडे बघितलं.

"काय म्हणतायत?"

"विचार करतायत."

"करू देत," मामा म्हणाले आणि त्यांनी नॅपकिन त्याच्यापुढे सरकवला. "हा ओला आहे. हा थांबायचा नाही."